‘सगळं क्लाउडवर आहे’ म्हणजे नक्की कुठे आहे?

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं आणि एका लिथियम बॅटरीने पेट घेतला. सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. पोस्ट, मोबाइलवरचं ओळखपत्र, नागरिक सेवांचं पोर्टल, सगळं ठप्प. त्यातल्या बहुतेक सेवा हळूहळू परत आल्या. एक मात्र आली नाही, ती म्हणजे ‘जी-ड्राइव्ह’. कामाच्या फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता इथे ठेवा, असं तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं. ८५८ टेराबाइट फायली जळून गेल्या. बाहेर दुसरी प्रत नव्हती. साठा एवढा मोठा होता की बाहेर बॅकअप ठेवता आला नाही, असं कारण देण्यात आलं.

गंमत बघा. याच देशात २०२२ साली ‘काकाओ’ या खासगी कंपनीची सेवा अशाच एका डेटा सेंटरच्या आगीमुळे बंद पडली होती. तेव्हा सरकारने कंपनीला खडसावलं, दुसरी व्यवस्था का नव्हती म्हणून जाब विचारला, खासगी कंपन्यांसाठी कायदा कडक केला. स्वतःच्या घरात मात्र तेच भोक राहिलं.

आता कोणी म्हणेल, कोरियाचं कोरियाला, आपल्याला काय त्याचं? तर आपला सात-बारा, जन्मदाखला, मालमत्ता कराची पावती, पतसंस्थेतली ठेव, दवाखान्यातला केसपेपर, हे सगळं आता कुठल्या तरी डिस्कवर आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, फायली जळाल्या. त्यानंतर ‘सगळं डिजिटल करा’ हा आग्रह वाढला आणि तो योग्यच होता. पण कागद जळतो आणि डिस्क जळत नाही, असं थोडंच आहे? म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी असो, सहकारी असो, प्रत्येक व्यवस्थेला आपण एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे : माहिती परत आणून दाखवण्याची शेवटची चाचणी तुम्ही कधी केली?

हा प्रश्न आजच जास्त महत्त्वाचा का, ते समजायला थोडं आत शिरावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे.

पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असायचा. कार्यालयात एसीच्या खोलीत तो डबा घरघरत असायचा, माहितीही त्याच्याच पोटात. मग व्हर्च्युअल मशीन आलं. एका मोठ्या वाड्याचे भिंती घालून पाच-दहा बिऱ्हाडांसाठी भाग पाडावेत, तसे एकाच सर्व्हरमध्ये अनेक ‘भासमान’ सर्व्हर. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कंटेनर. तो बहुतेक वेळा या व्हर्च्युअल मशीनच्या आतच चालतो. २०१३ मध्ये डॉकर आलं, २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटिस खुलं केलं आणि गेल्या दहा वर्षांत मोठमोठी सॉफ्टवेअर या पद्धतीवर गेली. अनेक राज्यांतल्या नगरपालिका मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी यांसाठी जो ‘डिजिट’ नावाचा प्लॅटफॉर्म वापरतात, तोही कुबरनेटिसवरच चालतो.

कंटेनर म्हणजे लॉजवरची खोली समजा. गर्दी वाढली की दहा खोल्या उघडा, कमी झाली की आठ बंद करा. एखादी खोली बिघडली तर दुरुस्त करत बसायचं नाही, दुसरी द्यायची. म्हणूनच तर हे स्वस्त आणि चपळ. पण गिऱ्हाईक गेलं की खोली झाडून पुसून मोकळी होते. आत विसरलेली वस्तू गेली ती गेली. कंटेनरच्या आत लिहिलेली फाइल त्या कंटेनरबरोबरच नाहीशी होते. हा दोष नव्हे, त्याची रचनाच तशी आहे.

मग कायमची माहिती ठेवायची कुठे? खाली काउंटरला लॉकर असतो ना, तिथे. कुबरनेटिसमध्ये त्याला पर्सिस्टंट व्हॉल्यूम म्हणतात. ॲप्लिकेशन अर्ज करतं, ‘मला अमुक इतकी जागा पाहिजे’, आणि व्यवस्था आपोआप एक डिस्क काढून जोडून देते. खोली बदलली तरी लॉकर तोच. खरी मेख इथे आहे. ॲप्लिकेशन तात्पुरतं झालं, माहिती मात्र कायमची राहायला पाहिजे, आणि त्या दोघांना जोडणारी साखळी लांबलचक झाली. कंटेनरने लिहिलं, ते व्हर्च्युअल मशीनकडे गेलं, तिथून भासमान डिस्ककडे, तिथून त्या सगळ्याला सांभाळणाऱ्या हायपरवायझरकडे, तिथून नेटवर्कवरून साठ्याच्या कपाटाकडे आणि सगळ्यात शेवटी खऱ्या डिस्कवर. प्रत्येक टप्प्यावर ‘मिळालं बरं का’ म्हणणारा एक मध्यस्थ बसलेला. त्यातला एखादा डिस्कवर पोचायच्या आधीच ‘मिळालं’ म्हणाला आणि वीज गेली, की पैसे भरल्याची पावती तुमच्या हातात आणि नोंद कुठेच नाही.

या रचनेत तीन गैरसमज हमखास दिसतात.

पहिला : ‘क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे.’ १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या क्लाउड कंपनीची एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांनी पैसे मोजून बॅकअप घेतला होता, पण तो बॅकअप मूळ सर्व्हरच्याच इमारतीत होता! पुढे तिथल्या न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली तरी माहिती मिळत नाही.

दुसरा : ‘स्नॅपशॉट घेतो ना रोज.’ स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. पण तो बहुतेक वेळा त्याच साठ्यात असतो. कपाटच जळालं तर कपाटातला फोटोही जळतो. शिवाय डेटाबेस अर्धा व्यवहार लिहीत असताना फोटो निघाला, तर परत आणल्यावर ते अर्धवट काम निस्तरावं लागतं. दुसऱ्या ठिकाणी चालू असलेली हुबेहूब प्रतही पुरेशी नाही. इथे चुकून पुसलं की तिथेही इमानदारीने पुसलं जातं.

तिसरा गैरसमज सगळ्यात नवा आणि सगळ्यात कमी माहीत असलेला : ‘आमच्या सगळ्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप आहे.’ बॅकअप मशीनचा असतो, पण कंटेनरची माहिती मशीनच्या बाहेर जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर असू शकते आणि ती त्या बॅकअपमधून सुटू शकते. समजा सुटली नाही, तरी कुठली डिस्क कुठल्या ॲप्लिकेशनची याची नोंदवही कुबरनेटिसच्या स्वतःच्या छोट्या डेटाबेसमध्ये असते. ती वाचवली नसेल तर? पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. उद्या त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या आणि याद्या नाहीशा झाल्या, तर एकही कागद हरवला नाही असं म्हणता येईल, पण हवा तो कागद सापडायला किती वर्षं लागतील? अगदी तशी गत होते.

आणि एक बारीक गोष्ट. कुबरनेटिसमध्ये आपोआप मिळणाऱ्या डिस्कबाबत वेगळं काही सांगितलं नसेल, तर ठरलेला नियम आहे ‘पुसा’. म्हणजे जागेचा अर्ज कोणी रद्द केला की खालची डिस्कही जाते. नियम बदलता येतो, एका ओळीचं काम आहे. पण ते करायचं आहे हे माहीत असलेला माणूस तिथे पाहिजे. ठेकेदाराने शिकाऊ पोराला बसवलं असेल, तर त्या एका ओळीवर अख्ख्या गावाची करवसुली लटकलेली असते.

असं खरंच होतं का? मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाच्या बाबतीत झालं. गूगल क्लाउडवर त्यांच्यासाठी व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे व्यवस्थेने एक वर्षाची मुदत धरली आणि वर्ष संपल्यावर सगळं आपोआप पुसलं. सहा लाखांहून जास्त सभासद, आणि आठवडाभर खातं दिसेना. वाचले कशामुळे? त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता. कोरियाने जे केलं नाही, ते यांनी केलं होतं. एवढाच काय तो फरक.

आता घरचं उदाहरण. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० च्या सुमारास थांबला. दुसऱ्या ठिकाणाशी जोडणाऱ्या टेलिकॉम लाइन अस्थिर झाल्या आणि मूळ ठिकाणचा साठाच सर्व्हरना मिळेनासा झाला. सर्व्हर ठणठणीत, पण माहितीच्या कपाटाला हात लागेना. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते पावणेचारला. त्यावर भरपूर टीका झाली, आणि पुढे काय झालं ते मला फार मोलाचं वाटतं. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४, दोन्ही शनिवार. बाजाराने खास सत्र घेतलं, आधी नेहमीच्या ठिकाणाहून आणि मग पर्यायी ठिकाणाहून खरे व्यवहार चालवून दाखवले. आधी जाहीर करून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना त्यांच्या महत्त्वाच्या यंत्रणांसाठी वर्षातून किमान दोनदा अशी चाचणी बंधनकारक केली आहे.

म्हणजे हे आपल्याकडे जमतं. पैशाच्या बाजारात जमतं, कारण तिथे विचारणारे आहेत. पालिकेत, जिल्हा परिषदेत, छोट्या पतसंस्थेत विचारणारे आपण, आणि आपण विचारतच नाही. एका सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत मी हा विषय काढला तेव्हा उत्तर आलं, ‘साहेब, आपलं सगळं क्लाउडवर आहे, काळजी नको.’ टाळ्या पडल्या, पुढचा विषय लाभांशाचा.

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की उद्या सर्व्हर चालू झाला आणि आपली नोंदच नसली तर काय, हा विचार मनात येत नाही. कंटेनरच्या जमान्यात हे जास्त फसवं आहे, कारण पोर्टल पाच मिनिटांत नव्याने उभं राहतं. पान उघडतं, लोगो दिसतो, मंत्र्यांचा फोटोही दिसतो. आत मात्र नोंदी नसतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. खरं आहे, सगळ्याच्या तीन प्रती ठेवणं परवडत नाही. पण सगळं सारखं महत्त्वाचं नसतंच. सांस्कृतिक कार्यक्रमाचे फोटो गेले तर हळहळू, जमिनीची फेरफार नोंद गेली तर पिढ्या कोर्टात जातील. म्हणून आधी ठरवा, कुठल्या माहितीचं किती तासांचं काम गेलं तर चालेल आणि ती किती वेळात परत पाहिजे. हे ठरवणं इंजिनीअरचं काम नाही, लोकप्रतिनिधींचं आहे, कारण ते आपल्या हक्काचं मोजमाप आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा : ‘अशी माहिती जाहीर करता येत नाही.’ सर्व्हर कुठे आहे, पासवर्ड काय, हे कोण विचारतंय? शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली आणि माहिती परत आली की नाही, एवढंच सांगा. यात कुठलं गुपित फुटतं? २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं जगासमोर मांडलं, आणि आज त्यावरून जगभरचे इंजिनीअर शिकतात. लपवलं असतं तर कोणाचं भलं झालं असतं?

तर मंडळी, करण्यासारखं काय आहे? माहिती अधिकाराचा एक साधा अर्ज. आपल्या नगरपालिकेला किंवा जिल्हा परिषदेला चार गोष्टी विचारा. नागरिकांच्या नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या शहरात आहे का? ती प्रत ठेवणारा ठेकेदार मूळ ठेकेदारापेक्षा वेगळा आहे का? ती माहिती परत आणून पाहण्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली आणि किती वेळ लागला? आणि ठेका संपला की आपली सगळी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, असं करारात लिहिलंय का? पतसंस्थेचे सभासद असाल, तर हेच चार प्रश्न वार्षिक सभेत लेखी द्या. लेखी दिले की इतिवृत्तात येतात.

पहिल्या अर्जाला ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल कदाचित. तेही जपून ठेवा, कारण तेही एक उत्तरच आहे. आणि तारीख आली तर इथे कमेंटमध्ये टाका, कार्यालयाच्या नावासकट. ज्यांनी खरंच चाचणी केली आहे त्यांचं कौतुकही इथेच, जाहीरपणे करू.