टाइप लिहायचा की नाही?

गेल्या सेमिस्टरला आमच्या रूममध्ये मेसच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहायचं ठरलं. अर्थातच पायथनमध्ये, कारण त्यात कुठल्या व्हेरिएबलचा टाइप कोणता हे आधी सांगत बसावं लागत नाही. फाइलमधून प्रत्येकाचे जेवणाचे दिवस वाचले आणि विचारलं, या महिन्यात सर्वांत जास्त दिवस कोण जेवलं? उत्तर आलं, ९ दिवसवाला! जो तीन आठवडे घरी होता तोच!

फाइलमधून आलेला ९ हा आकडा नव्हताच, ती स्ट्रिंग होती. आणि स्ट्रिंग म्हणून तुलना केली की '९' हा '२६' पेक्षा मोठा ठरतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. चूक सापडेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. जावा असती तर इंटिजरच्या जागी स्ट्रिंग ठेवताना कंपाइलरनेच अडवलं असतं.

म्हणून पायथन सोडा म्हणणारे आहेत, पण मला ते पटत नाही. केंब्रिजला संशोधन करताना युक्का लेहतोसालो यांनी 'मायपाय' हा टाइप तपासणारा प्रोग्राम सुरू केला. पुढे पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम स्वतः या कामात उतरले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये, पायथन ३.५ बरोबर, टाइप हिंट अधिकृत झाल्या. त्या कधीही सक्तीच्या करायच्या नाहीत, हे मूळ प्रस्तावातच लिहिलेलं आहे.

आपल्याकडे गैरसमज असा, की पॅरामीटरपुढे 'इंट' लिहिलं की काम झालं. प्रोग्राम चालताना पायथन ते तपासतच नाही! हॉस्टेलच्या गेटवरच्या रजिस्टरसारखं, सही सगळे करतात, बघतं कोण? मायपाय वेगळं चालवावं लागतं. आणि ज्या फंक्शनला एकही हिंट नाही, त्याच्या आत ते सहसा डोकावतही नाही.

आता काही सर म्हणतात, प्रोजेक्टमध्ये सगळीकडे टाइप कंपल्सरी करा. सर, माफ करा, पण फर्स्ट इयरच्या वीस ओळींच्या प्रोग्रामला हे ओझं कशाला? जर्नलसारखं तेही कॉपी होईल. मात्र ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाचं फंक्शन दुसरा वापरतो, तिथे टाइप हवेतच, आणि सबमिशनआधी मायपाय चालवून दाखवायला लावा. ड्रॉपबॉक्सने २०१९ पर्यंत पायथनच्या ४० लाख ओळी अशा तपासणीखाली आणल्या, त्याही एका दिवसात नाही, हळूहळू.

आमच्या प्रोग्राममध्ये आता फाइल वाचणाऱ्या आणि बिल काढणाऱ्या फंक्शनला टाइप आहेत. मायपायने लगेच दाखवलं, की स्ट्रिंगचा इंटिजर करायला आम्ही अजून एका ठिकाणी विसरलो होतो. बाकीचा कोड तसाच ठेवलाय.