गुळवेलीतले रसायन

गुळवेल ही वनस्पती असल्यामुळे तिच्यात ‘केमिकल’ नसते आणि केमिकल नसल्यामुळे तिचा काढा कितीही घेतला तरी बाधत नाही, असा समज करोनाच्या काळात ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत रुजला. या समजाची दोन्ही अंगे चुकीची आहेत. गुळवेलीचा कडूपणा हाच मुळी रसायनांचा आहे: तिच्या खोडात बर्बेरिन, पामॅटिन आणि मॅग्नोफ्लोरिन ही अल्कलॉइडे, म्हणजे अल्प प्रमाणातही शरीरावर परिणाम घडवू शकणारी नायट्रोजनयुक्त संयुगे असतात, आणि त्यांच्या जोडीला वीस कार्बन अणूंच्या सांगाड्यावर रचलेली डायटर्पिनॉइडे ही कडू द्रव्ये असतात. वेल ही द्रव्ये माणसासाठी बनवत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव हे अशा संयुगांचे मुख्य प्रयोजन मानले जाते, आणि किडीच्या देहात ढवळाढवळ करणारे द्रव्य माणसाच्या यकृतात शिरताच निरुपद्रवी होईल, असे मानण्यास कोणताही आधार नाही. चरकसंहितेनेही गुळवेलीची गणना मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायनांत केली आहे, आणि त्या परंपरेतला ‘रसायन’ हा शब्द मात्रा व प्रकृती यांच्या विचारावाचून उच्चारलाच जात नाही.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला आणि रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख तपासलेली नव्हती, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही जवळची जात असू शकेल, असे म्हटले. हा आक्षेप रास्त आहे, पण तो गुळवेलीला निर्दोष ठरवत नाही. ओळखीविना कोणतेही खोड उकळणे धोक्याचे आहे, एवढेच तो सिद्ध करतो.

याउलट, वनौषधी म्हणजे निव्वळ भ्रम, हा दुसरा पक्षही टिकत नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्या मुळांतून रिसर्पिन वेगळे काढले. ते वेगळे झाल्यामुळेच त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत ठरवता आली आणि जास्त मात्रेत येणारे औदासीन्यही ओळखता आले. संयुगाचा शोध हा वनस्पतीचा अपमान नव्हे, तो तिच्यावरचा विश्वास मोजून घेण्याचा मार्ग आहे.

हा मार्ग ठाणे जिल्ह्यात प्रयोगशाळेच्या आधीच सुरू होतो. शहापूरच्या वनधन, म्हणजे वनोपज गोळा करून विकणाऱ्या, केंद्रातील कातकरी तरुणांना मोठ्या औषध कंपन्यांकडून गुळवेलीची दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी मिळाली, ही गोष्ट केवळ रोजगाराची नाही. हृदयाकार पान, कागदासारखी सुटणारी साल, वरून लोंबणारी मुळे आणि आडव्या छेदात दिसणारी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना, यांवरून वेल पारखणारी नजर ही या साखळीतली पहिली तपासणी आहे, आणि त्या नजरेचे मोल वजनाच्या काट्यावर लागत नाही. अशा गोळा केलेल्या मालातून बनलेल्या प्रत्येक बाटलीवर जातीचे शास्त्रीय नाव आणि प्रमुख संयुगांचे मोजलेले प्रमाण छापणे बंधनकारक व्हायला हवे, आणि यकृताचा विकार असलेल्यांना सूचना त्याच लेबलवर मराठीत मिळायला हवी.