रोजकीर्द : पन्नासावी नोंद

बँकेत उभी हयात घालविलेल्या माणसाला एक खोड जडते. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय त्याला घरी जाववत नाही. रुपया कमी भरला तर तो अस्वस्थ होतोच, पण रुपया जास्त निघाला तरी तितकाच होतो. कारण जादा रुपया म्हणजेही कोठेतरी चुकलेली नोंदच. पेढीवर बसणाऱ्या आपल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. निवृत्तीनंतर ही खोड कोठे खर्ची घालावी, हा प्रश्न माझ्या बारा वर्षांच्या नातवाने सोडविला. "आजोबा, एका दिवसात आपल्याला किती जातींचे पक्षी सापडतात ते मोजू या," तो म्हणाला.

या छंदाचा इतिहास आपल्या घरांतून सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी शिकारीची चढाओढ लागे. जो गट अधिक पशुपक्षी मारील तो विजयी. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने सुचविले की, मारण्याऐवजी मोजा. त्या नाताळात २७ जण बंदुकीऐवजी वही घेऊन बाहेर पडले. तो प्रघात आजही चालू आहे. एका दिवसात अधिकाधिक जाती नोंदविण्याचा छंदही आता जगभर पसरला आहे. ८ ऑक्टोबर २०१५ रोजी इक्वेडोर देशात चार पक्षीनिरीक्षकांनी चोवीस तासांत ४३१ जाती नोंदविल्या होत्या. आमचे लक्ष्य माफक होते : पन्नास. नियम दोनच. पाहिलेला किंवा आवाजावरून निःशंकपणे ओळखलेला पक्षीच धरायचा, आणि शंका असेल तर लिहायचे नाही.

स्थळ म्हणून मी महाड तालुक्यातील तळीये निवडले. नोकरीत असताना महाडच्या शाखेत माझी काही वर्षे गेली होती आणि कर्जवसुलीच्या निमित्ताने सह्याद्रीच्या पायथ्याची ती गावे पायांखालची झाली होती. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत तेथील कोंढाळकरवाडीवर डोंगराचा कडा कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो. अशा ठिकाणी छंद म्हणून जावे काय, हा विचार मनात आला. अखेर ठरविले की ढासळलेल्या उताराकडे जायचे नाही. गावालगतची शेते, ओढा आणि रस्त्याकाठची झाडे एवढ्यांतच फिरायचे.

फेब्रुवारीतील पहाट. अजून झुंजुमुंजू व्हायचे होते. पहिली नोंद कानाने झाली : रानकोंबड्याची बांग. मग दयाळाची शीळ, कुटूरग्याची अखंड 'कुटूर कुटूर', तांबटाचे ठोके. उजाडल्यावर काटेसावरीच्या लाल फुलांवर बाजारच भरला. साळुंक्या, कोतवाल, हळद्या, शिंजीर, पोपट, आणि दूरदेशाहून हिवाळ्यापुरत्या येणाऱ्या पळसमैनांचा थवा. ओढ्यावर खंड्या, धोबी, ढोकरी. शेताच्या बांधावर टिटवी आणि सातभाईंचे भांडण. दहाच्या सुमारास चौतीस नोंदी झाल्या.

पुढे मात्र गती मंदावली. उन्हे चढली की पक्षी गप्प होतात आणि मोजणाऱ्याचा कस लागतो. दुपारभर चालून सात-आठ जातींचीच भर पडली. उन्हे कलल्यावर एक धनेश जड पंखांचा आवाज करीत दरी ओलांडून गेला, तेव्हा नातू अक्षरशः नाचला. सूर्यास्तापूर्वी शिदोरी सोडायची म्हणून आम्ही एका पडवीच्या कडेला टेकलो. वहीत ४९ जाती होत्या.

तेवढ्यात नातू ओरडला, "आजोबा, गिधाड!"

कड्याच्या पुष्कळ वर एक मोठा पक्षी पंख न हलविता घिरट्या घेत होता. मी दुर्बीण लावली. उजेड समोरून येत होता आणि केवळ काळी आकृती दिसत होती. गिधाड असेल, सर्पगरुडही असेल. क्षणात तो डोंगराआड गेला. "लिहू ना? पन्नास होतात," नातू म्हणाला.

पडवीतले वयस्कर गृहस्थ आमचे बोलणे ऐकत होते. ते म्हणाले, "पूर्वी गुरू मेले की गिधाडे उतरायची. किती यायची, कोणी मोजली?"

त्यांच्या प्रश्नातच उत्तर होते. राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्यात १९८० च्या दशकात डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडे मोजून ठेवली होती. पुढच्या दशकात पुन्हा मोजल्यावर जी घट दिसली, तिने सारे हादरले. २००४ पर्यंत कारण उघड झाले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. मेलेल्या गुरात ते शिल्लक राही आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पहिली मोजणी वहीत नसती, तर किती गमावले हे कळले असते काय? आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडे टिकावीत म्हणून महाडच्या 'सीस्केप' संस्थेची मंडळी झटत आली आहेत. अशा वेळी आमच्या हौसेपायी एक खोटे गिधाड वहीत चढले, तर ते त्यांच्या कष्टांवर पडलेले खोटे खाते ठरेल.

मी हे नातवाला समजावीत असता ते गृहस्थ हळूच म्हणाले, "आमची पण मोजणी झाली होती, साहेब. इतके सापडले, इतके नाही सापडले. रोज आकडा बदलायचा. आपले माणूस कोणत्या यादीत आहे, तेवढेच आम्ही बघायचो."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. नातवाने त्यांच्याकडे पाहिले, वही उघडली आणि ४९ च्या खाली रेघ मारली. कोणी सांगितले नसताना रेघेखाली त्याने लिहिले : 'एक मोठा पक्षी, कड्यावर, सायंकाळी. ओळख पटली नाही.' निघताना त्या गृहस्थांनी आम्हाला ताकाचे दोन पेले दिले.

आयुष्यभर मी वह्या तपासल्या, पण इतकी चोख नोंद क्वचित पाहिली. या वहीला कोणी तपासनीस नाही, लिहिणाराच तपासनीस. म्हणूनच मुलांच्या हाती ती द्यावी असे मला वाटते. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या नावाने जगभर पक्षीगणना होते. पंधरा मिनिटे गॅलरीत उभे राहून दिसलेले पक्षी मोजावेत आणि 'ईबर्ड' या संकेतस्थळावर यादी द्यावी. शुल्क काही नाही. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताहही असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनापासून डॉ. सलीम अलींच्या जन्मदिनापर्यंतचा तो आठवडा. दुकान उघडण्यापूर्वीची पंधरा मिनिटे कोणालाही काढता येतील.

चिमण्या चारच दिसल्या तर चारच लिहाव्यात. पुढील वर्षी त्या तीन झाल्या, तर निदान ते कळेल.