शेजाऱ्याचा कुत्रा आणि माझं नाव

सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी लिफ्टचं दार बंद व्हायचं आणि ९ वाजून १४ मिनिटांनी ब्रुनो सुरू व्हायचा. हे मला तोंडपाठ आहे, कारण सात आठवडे मी त्याची नोंद ठेवत होतो. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, शेरा. सॉफ्टवेअरवाला माणूस दुसरं काय करणार? सर्व्हर बंद पडला की आधी लॉग बघायचा, ही सवय अंगात मुरलेली. पण खरं सांगायचं तर ती शीट म्हणजे एक पळवाट होती. शेजारचं दार माझ्या दारापासून सहा पावलांवर होतं आणि सात आठवड्यांत मी ती सहा पावलं टाकली नव्हती.

ब्रुनो बीगल जातीचा. ही जात शिकारीसाठी वाढवलेली, आणि शिकाऱ्याला लांबून ऐकू जावं म्हणून तिचा आवाजही तसाच, लांबलचक, हेल काढणारा. आमचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं. माझं काम अमेरिकेतल्या क्लायंटसाठी, त्यामुळे मीटिंगा रात्री साडेबारा-एकपर्यंत चालायच्या. सकाळची नऊ ते अकरा ही बाळाची झोप, त्याच्या आईची झोप आणि उरलीच तर माझी. त्याच वेळात ब्रुनो चाळीस-पन्नास मिनिटं भुंकायचा, पाच मिनिटं थांबायचा, पुन्हा सुरू. बायकोचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता.

मग दार का वाजवलं नाही? उत्तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. हे घर मिळवताना मी किती एजंटांना फोन केले ते मोजायचं सोडून दिलं होतं. नाव सांगितलं की पलीकडून आवाज जरा मऊ व्हायचा आणि मग “ओनरला व्हेज फॅमिली पाहिजे” असं यायचं. पुण्याच्या पश्चिमेकडच्या या सोसायटीत जागा मिळाली, कारण मालक परदेशात राहतो आणि त्याला भाड्याशी मतलब होता. ८४ घरांत आमचं एकच घर मुसलमानाचं. आम्ही इथं पाहुण्यासारखे राहत होतो. मटण शिजताना खिडक्या लावायच्या, कुर्बानी गावी, ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ला हात जोडायचे आणि बाकी गप्प. आता अशा माणसानं शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार केली, तर ती आवाजाबद्दल आहे हे कोण ऐकणार? “यांच्यात कुत्रा चालत नाही ना,” इथंच विषय संपणार.

आणि झालंही तसंच, फक्त उलट्या बाजूनं. एके दिवशी लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. माझे डोळे बघून म्हणाले, “झोप होत नाही वाटतं? त्या कुत्र्याचाच त्रास. तुम्हाला तर जास्त. तुमच्यात चालत नाही ना ते? असं करा, नमाजाला अडथळा होतो म्हणून एक अर्ज लिहून द्या. पुढचं आम्ही बघतो.” सेक्रेटरींचं आणि त्या जोडप्याचं पार्किंगवरून वाजलेलं होतं, हे अख्ख्या सोसायटीला माहीत होतं.

मी त्यांना तिथल्या तिथे नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि दोन परिच्छेद लिहिले. ‘धार्मिक भावना’ हे शब्दही त्यात होते. बायकोनं वाचलं आणि विचारलं, “नमाजाला कधी त्रास झाला?” मी शीट उघडली. फजरच्या वेळेला सात आठवड्यांत एकही नोंद नव्हती. ब्रुनो त्या वेळी गाढ झोपलेला असायचा. खोटं माझ्याच आकडेवारीत उघडं पडलं. अर्ज पुसून टाकला.

त्या अर्जाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. तो खोटा होता ही एक गोष्ट झाली. दुसरी म्हणजे, मी माझा धर्म दुसऱ्याच्या पार्किंगच्या भांडणाला उसना द्यायला निघालो होतो. आज ज्यांनी माझ्या नमाजाचा कळवळा दाखवला, तेच उद्या बकरी ईदच्या आठवड्यात ग्रुपवर काय लिहितील याची मला कल्पना आहे. पण सर्वांत मोठं नुकसान वेगळंच. आवाजाच्या तक्रारीला उपाय असतो, भावनेच्या तक्रारीला नसतो. ‘सकाळी नऊ ते अकरा भुंकतो’ म्हटलं की नऊ ते अकराचं काहीतरी करता येतं. ‘आमच्या भावना दुखावतात’ म्हटलं की समोरचा म्हणणार, आमच्याही दुखावतात. मग दोन्ही घरं दार लावून बसणार आणि कुत्रा भुंकतच राहणार.

आपल्या वस्त्यांमध्ये हे होत नाही असं समजू नका. कोंढव्यात माझ्या एका नातेवाइकाच्या इमारतीत एका मुलानं जर्मन शेफर्ड पाळला होता. सगळी इमारत मुसलमानांची. कुत्रा रात्री भुंकायचा, लोकांची झोप जायची, पण बैठकीत झोपेबद्दल कुणी बोललंच नाही. हराम की जायज, फरिश्ते घरात येतात की नाही, यावर दीड तास. मुलगाही शिकलेला. त्यानं असहाब-ए-कहफच्या गुहेच्या तोंडाशी बसलेल्या कुत्र्याचा दाखला दिला, तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजून बख्शल्या गेलेल्या माणसाची हदीस सांगितली. दोन्ही दाखले बरोबरच. पण खालच्या मजल्यावरच्या हृदयविकाराच्या आजोबांना रात्री दोनला जाग येत होती, त्याचं काय, हे विचारायचं राहून गेलं.

मी मूळचा खेड तालुक्यातला, म्हणजे कोकणी, आणि बहुतेक कोकणी मुसलमानांसारखा शाफई. आमच्या मसलकात कुत्र्याच्या बाबतीत नियम सर्वांत कडक. हनफींचा मुख्य भर लाळेवर, आणि मालिकींच्या मते तर कुत्रा पाकच. म्हणजे ज्याला आपण ‘इस्लाममध्ये कुत्रा चालत नाही’ असं एका वाक्यात सांगून मोकळे होतो, त्यात चार इमामांचंही एकमत नाही. शिवाय शिकारीला, गुरांना, शेतीच्या राखणीला कुत्रा ठेवायची परवानगी आहेच. गावी आमच्या काजूच्या बागेत माकडं आणि रानडुकरं यायची, तेव्हा आजोबांकडे कायम एक कुत्रा असे. तो अंगणात राहायचा, पडवीची पायरी चढायचा नाही आणि आजोबांच्या आधी कधी जेवायचा नाही, कारण आजोबा त्याला आधी वाढून मगच स्वतः बसत नसत; दोघं एकदमच जेवत, एक आत, एक बाहेर. पाकी-नापाकी हा माझ्या कपड्यांचा आणि माझ्या वुजूचा प्रश्न आहे. शेजाऱ्यानं काय पाळावं याचा नाही.

शेजाऱ्याबद्दल मात्र दीन गप्प नाही. सूरा निसाच्या ३६व्या आयतीत नात्यातला शेजारी आणि परका शेजारी असे दोन्ही येतात. जिब्रील शेजाऱ्याबद्दल इतकं बजावत राहिले की तो आता वारसच ठरतो की काय असं रसूलुल्लाहना वाटलं, ही हदीस लहानपणी मदरशात सगळ्यांनीच ऐकलेली असते. आपण ती ऐकतो आणि समजतो की शेजारी म्हणजे सहन करायचा माणूस. माझं मत वेगळं आहे. सात आठवडे मी मनात त्या जोडप्याला शिव्या घालत होतो आणि लिफ्टमध्ये हसत होतो. याला सब्र म्हणत नाहीत. त्यांना आपली चूक कळण्याची संधीच मी दिली नव्हती.

शेवटी एका रविवारी अकरा वाजता गेलो. बायकोनं डब्यात सांदणं भरून दिली होती, ती मी मुद्दाम घरीच ठेवली. तक्रार आणि खाऊ एका हातात नको. फोन आणि शीट तेवढी घेतली.

दार ताईंनी उघडलं. मी आवाजाचं सांगितलं आणि रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या ऐकतच राहिल्या. मग म्हणाल्या, “दादा, आम्हाला वाटायचं तो दिवसभर झोपतो. आम्ही असतो तेव्हा हूं की चूं करत नाही.” हे मला सुचलंच नव्हतं. ज्यांचा कुत्रा, त्यांनी हे भुंकणं आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, कारण ते दोघं घरात नसतानाच तो भुंकत होता.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी हे पिल्लू आणलं. पुढची दोन-अडीच वर्षं दोघंही घरून काम करत होते. मग कंपन्यांनी आधी तीन दिवस, नंतर पाचही दिवस ऑफिसात बोलावलं, आणि जो जीव कधी तासभर एकटा राहिला नव्हता, तो रोज दहा तास एकटा पडला. माझ्या शीटमधली ९ वाजून १४ मिनिटं ती हीच. त्यांनी घरात कॅमेरा लावला, तर ब्रुनो दाराला नाक लावून हेल काढताना दिसला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही एकटेपणाची भीती आहे, खोडी नव्हे. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा मिळतो, पण भीतीनं ओरडणाऱ्याला झटका दिला तर भीती दुप्पट होणार. उपाय कंटाळवाणे होते. सकाळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास दमवणारं फिरवणं. चाटत बसावं लागेल असं खाणं भरलेलं रबरी खेळणं. सुटीच्या दिवशी एक मिनिट बाहेर जाऊन परत येणं, मग पाच, मग पंधरा, असं हळूहळू वाढवणं. दुपारी एकाला फिरवायला पगारी मुलगा.

पहिले दोन आठवडे काडीचा फरक पडला नाही. मी पुन्हा चिडलो, शीटवर ‘निरुपयोगी’ असा शेराही लिहिला. तिसऱ्या आठवड्यापासून चाळीस मिनिटांची वीस झाली. पूर्ण ताळ्यावर यायला अडीच महिने गेले.

सगळे शेजारी असे नसतात, हे मला कळतं. “हवं तर पोलिसांत जा,” म्हणणारेही असतात. तिथं कायदा माहीत हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवरचं मोजमाप कच्चं असतं, पण तारीख-वेळेची नोंद आणि रेकॉर्डिंग उपयोगी पडतं. सोसायटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मात्र कुत्रा पाळायलाच बंदी करण्याचा ठराव सोसायटी करू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना बहुमतानंही तशी बंदी घालू नये असं सांगतात, आणि त्याच सूचना मालकालाही बजावतात की सततचं भुंकणं, विशेषतः रात्रीचं, थांबवायचा प्रयत्न केला पाहिजे. वैतागून खाण्यात काही घालण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याआधी ते पाप आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि एक अडचणीची गोष्ट. हे २०००चे नियम म्हणजे तेच, ज्यांच्या आधारे मशिदीच्या भोंग्याबद्दल तक्रारी होतात. त्यातल्या अनेकांमागे राजकारण असतं, मला ते दिसतं. पण सगळ्यांमागे नसतं. मशिदीला लागून असलेल्या घरातही कधी सात महिन्यांचं बाळ असतं, आणि त्याचा बाप माझ्यासारखाच सात आठवडे गप्प बसलेला असू शकतो, माझ्यासारख्याच भीतीनं. तो आला आणि म्हणाला, जरा आवाज कमी करता येईल का, तर त्याला मी काय सांगणार? माझी झोप ही झोप आणि त्याची झोप ही इस्लामद्वेष, असं मला म्हणता येणार नाही.

त्या रविवारी निघताना ताई म्हणाल्या होत्या, “तुम्ही लिफ्टमध्ये मागं सरकता ना, म्हणून आम्हीच तुम्हाला टाळायचो. वाटायचं, आम्ही नकोसे आहोत.” मी सांगितलं, लाळ कपड्यांना लागली तर नमाजासाठी बदलावे लागतात, एवढंच. त्या म्हणाल्या, “मग सांगायचं ना!” आता त्या पट्टा आखूड धरतात. मी अजून थोडा सरकतो, पण आधी सांगून. सांदणांचा डबा पुढच्या रविवारी गेला.

ब्रुनो अजून कुरिअरवाल्यावर भुंकतो, दोन-तीन मिनिटं. आमचं बाळ आता रांगत दाराशी जातं आणि इकडून उत्तर देतं. परवा सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. “तो अर्ज राहिलाच की तुमचा,” म्हणाले. “मिटलं,” मी म्हणालो. त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. पार्किंगचं अजून चालूच आहे.