देहाचे वजन आणि विम्याचा हप्ता

आयुर्विम्याच्या प्रस्ताव-पत्रात वय, व्यवसाय, आईवडिलांचे आजार या रकान्यांच्या ओळीत उंची आणि वजन असे दोन लहानसे रकाने असतात. पुष्कळ प्रस्तावक ते अंदाजानेच भरतात. वर्षापूर्वी रेल्वे फलाटावरच्या काट्याने दिलेले तिकीट आठवून कोणी आकडा लिहितो, तर कोणी विमा प्रतिनिधीने सुचविलेला आकडा मुकाट्याने मान्य करतो. मात्र काही आठवड्यांनी कंपनीचे पत्र येते: प्रस्ताव स्वीकारार्ह आहे, पण वजनापोटी जादा हप्ता द्यावा लागेल, संमती कळवावी. पत्र हाती पडलेला शिक्षक किंवा कारकून प्रथम चकित होतो, मग संतापतो, आणि बरेचदा प्रस्तावच मागे घेतो. त्याच्या रागात काही गैर नाही. गैर एवढेच की, त्या रागाची किंमत त्याच्या पश्चात त्याची बायकामुले मोजणार असतात. म्हणूनच हा प्रश्न चार-दोन हजार रुपयांच्या हिशेबापुरता उरत नाही.

ज्याच्या मृत्यूची शक्यता अधिक, त्याने अधिक हप्ता द्यावा, हे विम्याचे मूलतत्त्व होय. वयाच्या बाबतीत ते सर्वांनी निमूटपणे स्वीकारले आहे. भारतीय विमेदारांच्या अनुभवावर आधारलेल्या २०१२-१४ च्या मृत्युमान कोष्टकाप्रमाणे तिसाव्या वर्षी हजारी सुमारे एक, चाळिसाव्या वर्षी सुमारे १.७ आणि पन्नासाव्या वर्षी सुमारे ४.४ विमेदार वर्षभरात मृत्यू पावतात. या पायावर प्रकृतीचा हिशेब चढविला जातो. न्यूयॉर्कमधील एका विमा कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही जगभर चालते. सर्वसाधारण निरोगी माणसाची जोखीम शंभर धरावयाची आणि रक्तदाब, मधुमेह, वजन, धूम्रपान अशा प्रत्येक दोषापोटी तीत काही गुण वाढवावयाचे. शंभराचे दीडशे झाले, तर मृत्यूची अपेक्षा दीडपट धरून जादा हप्ता आकारला जातो. ते फारच वाढले, तर प्रस्ताव पुढे ढकलला जातो किंवा नाकारला जातो. शाळेत गुण मिळविण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला येथे मात्र गुण जितके कमी तितके बरे!

हा जादा भार खिशाला किती जाणवतो, हे विम्याच्या प्रकारावर अवलंबून असते. पस्तीस वर्षांच्या कारकुनाने वीस वर्षांची, पाच लाखांची, बचतीसह असणारी पॉलिसी घेतली, तर तिचा वार्षिक हप्ता पंचवीस हजारांच्या घरात जातो. त्यातील त्या वर्षीच्या मृत्यूच्या जोखमीचा वाटा हजारी १.२ या दराने जेमतेम सहाशे रुपये. बाकी सारी बचत आणि खर्च. जोखीम दीडपट धरली, तरी तीनशे रुपयांची भर पडते. एवढ्या हप्त्यात ती लक्षातही येत नाही. उलट चाळिशीतील प्राध्यापकाने पन्नास लाखांचा निव्वळ मुदत विमा मागितला, तर केवळ त्या वर्षीच्या मृत्यूच्या जोखमीची किंमत ८,४०० रुपये होते, आणि दीडपटीचा भार तीत ४,२०० रुपयांची भर घालतो. प्रत्यक्षातील हप्ता खर्च, नफा आणि पुढील वर्षांची वाढती जोखीम धरून ठरतो. परंतु तत्त्व हेच. बचतीच्या पॉलिसींच्या काळात वजनाचा रकाना निरुपद्रवी वाटत असे. खऱ्या संरक्षणाचा, म्हणजे मुदत विम्याचा, प्रसार जसजसा होत आहे, तसतसा तो बोचू लागला आहे.

हा रकाना विमा कंपन्यांच्याच घरात वाढला. अमेरिकेतील कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लक्षावधी विमेदारांचे वजन आणि मृत्यू यांचा ताळा घातला. त्यातील एक निष्कर्ष आज विसरला गेला आहे. तरुण वयात किंचित स्थूल असणे तेव्हा हितावह ठरले होते, कारण क्षयाचा घाला कृश माणसांवर पडत असे. पुढे मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्या हाताखाली १९४२-४३ साली 'आदर्श वजनां'ची कोष्टके निघाली आणि ती दवाखान्यांच्या भिंतींवर जाऊन बसली. त्यांत लहान, मध्यम आणि मोठा असे हाडापेराचे तीन वर्ग होते. पण कोणाचे हाड कोणत्या वर्गात घालावयाचे, हे ठरविण्याचे मापच दिलेले नव्हते. १९५९ साली ती सुधारण्यात आली, तेव्हा 'आदर्श' जाऊन 'इष्ट' हा शब्द आला. १९८३ साली पुन्हा फेरफार झाला आणि अनेकांचे योग्य वजन काही पौंडांनी वाढले. माणसांची शरीरे तीच राहिली. कागद तेवढा बदलला. ॲन्सेल कीज यांनी या कोष्टकांवर टीका करीत, बेल्जियमचे केतले यांनी १८३० च्या दशकात मांडलेले सूत्र १९७२ साली पुढे आणले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागावयाचे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६८ किलो वजनाच्या माणसाचा हा देहभार निर्देशांक पंचवीस येतो. समाजाची सरासरी पाहण्यासाठी उपयोगी पडणारे हे माप आज एकेका व्यक्तीचा हप्ता ठरवीत आहे.

भारतीय देहाला हे माप कितपत लागू पडते, याविषयीचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातून आले आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३, म्हणजे काट्यासमोर दोघेही सारखेच सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के निघाले, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याची मुळे गर्भावस्थेपर्यंत पोहोचलेली दिसली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, तरी त्या चिमुकल्या देहांत स्नायू कमी आणि चरबी मात्र फारशी कमी नव्हती. भारतीयांना मधुमेह कमी वजनावर गाठतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली स्थूलतेची सीमा तिसावरून पंचविसावर आणि जादा वजनाची पंचविसावरून तेविसावर आणली.

विमा कंपनीने यातून काय घ्यावे? सीमा खाली ओढून आणखी लोकांना जादा हप्ता लावणे हा सोपा मार्ग आहे. तो चुकीचा ठरेल. याज्ञिकांचे उदाहरण सांगते ते असे की, या देशात वजन हे जोखमीचे अप्रत्यक्ष आणि मोघम निदर्शक आहे. कंबरेचा घेर, रक्तातील साखर आणि रक्तदाब यांची तपासणी आज तालुक्याच्या गावीही होते. खुद्द मधुमेह आणि रक्तदाब तपासून ते निर्दोष निघाल्यावरही केवळ काट्याच्या आकड्यापोटी त्या माणसाला दंड करावयाचा असेल, तर त्याला भक्कम पुरावा हवा. अतिस्थूलतेच्या बाबतीत असा पुरावा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. निर्देशांक पस्तीस-चाळिसाच्या पुढे गेला, की मृत्युदर वाढतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. वाद आहे तो मधल्या पट्ट्याचा. आणि शाळा-कचेऱ्यांत बैठे काम करणारा मध्यमवर्ग नेमका याच पट्ट्यात येतो. 'खात्यापित्या घरचा' हे ज्या समाजात कालपरवापर्यंत कौतुकाचे बोल होते, तेथे हे पत्र अपमानासारखे वाटावे, यात नवल नाही.

दुसऱ्या टोकाची चर्चा मात्र होतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. त्याच वेळी सुमारे १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर कृश होते. विम्याच्या हिशेबात कृशतेलाही गुण जोडले जातात. ज्याचे वजन अर्धपोटी राहण्यामुळे कमी आहे, त्याने विम्यासाठी जास्त मोजावे, यातील विपर्यास विमागणिताला दिसत नाही. अर्थशास्त्राला तो दिसला पाहिजे.

यावर, मग सर्वांना एकच हप्ता का लावू नये, असा सवाल साहजिकच येतो. त्याचे उत्तर जॉर्ज अकेरलॉफ यांच्या १९७० सालच्या विवेचनात सापडते. हप्ता सरसकट ठेवला आणि विमा घेणे ऐच्छिक राहिले, तर धडधाकट माणसे हळूहळू बाहेर पडतात, जोखमीची उरतात, हप्ता वाढतो, आणखी माणसे बाहेर पडतात. वैयक्तिक विम्याच्या बाजारात हा धोका खरा आहे. परंतु जेथे समूह आधीच बांधलेला असतो, तेथे तो उरत नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या १९८२ च्या गट विमा योजनेत वर्गणी कर्मचाऱ्याच्या गटाप्रमाणे ठरते. काट्यावर कोणालाही उभे राहावे लागत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत दोन लाखांच्या विम्यासाठी १ जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपये पडतात, म्हणजे हजारी २ रुपये १८ पैसे; अठराव्या वर्षी तेवढेच आणि पन्नासाव्या वर्षीही तेवढेच. येथे तरुण प्रौढांचा भार उचलतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. दोन लाखांत संसार उभा राहत नाही, ही गोष्ट निराळी. शिक्षकांच्या पतपेढ्या आणि कर्मचारी संघटना वेतनश्रेणीसाठी मोर्चे काढतात. दहा-वीस लाखांचा गट विमा आपल्या सभासदांसाठी घासाघीस करून मिळविणे त्यांना अवघड नसावे.

व्यक्तिगत विम्यात जादा हप्त्याचे पत्र आले, की त्यातून पळवाट काढण्याचा मोह होतो. दुसऱ्या कंपनीकडे जाताना आठ-दहा किलो कमी लिहावयाचे, वैद्यकीय तपासणी नसेल तर कोण पाहतो! १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीन वर्षे उलटल्यावर पॉलिसीला कोणत्याही कारणास्तव आव्हान देता येत नाही. पण त्या तीन वर्षांत मृत्यू ओढवला, तर लपविलेले वजन दावा नाकारण्याचे निमित्त होऊ शकते. खोटे लिहिणारा तेव्हा उत्तर द्यायला नसतो. कचेरीच्या पायऱ्या त्याच्या विधवेला झिजवाव्या लागतात. चाळीस-पन्नास लाखांच्या संरक्षणापुढे चार हजारांची बचत हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने शहाणपणाचा नव्हे.

मात्र खरेपणाची अपेक्षा एकतर्फी असू नये. विमेदाराने आपला देह उघडा करून दाखवावयाचा आणि कंपनीने आपले कोष्टक कुलपात ठेवावयाचे, ही आजची रीत आहे. कोणत्या उंचीला किती वजनापर्यंत भार नाही आणि पुढे किती, हे सर्वसामान्य प्रस्तावकाला आधी कळत नाही. शिवाय एकदा लागलेला भार वीस-पंचवीस वर्षे चालू राहतो. ज्याने पुढे नेटाने दहा किलो वजन उतरविले आणि दोन-तीन वर्षे टिकविले, त्याला फेरतपासणीचा हक्क असावयास हवा. अमेरिकेत काही कंपन्या नुकत्याच उतरविलेल्या वजनापैकी निम्मेच जमेस धरतात, कारण उतरलेले वजन परत चढते, हे त्यांनी अनुभवले आहे. ती सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण तीत निदान निम्मे तरी मान्य होते.

इतिहासात डोकावले, तर एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रजी अमलात परकी विमा कंपन्या भारतीय जीवित सरसकट कमी प्रतीचे मानून जबर जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला, आणि परक्यांच्या कोष्टकाला पहिला छेद गेला. १९५६ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी २४५ विमा संस्थांच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. २००० सालापासून खासगी कंपन्याही त्याच्या जोडीला आल्या. सात दशकांत कोट्यवधी भारतीयांनी आपली उंची आणि वजन या संस्थांच्या कागदांवर लिहून दिले आहे, आणि त्यांपैकी किती जण केव्हा गेले, याचीही नोंद त्यांच्याच दप्तरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर उठला, त्यामुळे जादा हप्त्यावरचा करही गेला. सरकारने आपल्या बाजूने एवढे केले. आता विमा नियामकाने कंपन्यांकडून ती नोंद मागवावी आणि भारतीय विमेदारांचे वजन व मृत्युमान यांचे कोष्टक छापून सर्वांपुढे ठेवावे. २०१२-१४ च्या कोष्टकात वयाचा रकाना आहे, वजनाचा नाही.