सपाट वाटेवरची सावकाश सायकल: घाम न गाळताही व्यायाम होतो

"डॉक्टर, घाम आला नाही, दम लागला नाही, मग तो व्यायाम कसला?" हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीतले असतात. कुणाला मधुमेह असतो, कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाचे गुडघे कुरकुरत असतात. यातले कितीतरी जण नव्या वर्षी मोठ्या जोमाने जिम लावतात, तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजतो आणि व्यायाम कायमचा सुटतो. जोरात व्यायाम करणे आणि अजिबात न करणे, यांच्या मधली जागा आपण विसरूनच गेलो आहोत. माझ्या मते बहुतेक रुग्णांचे भले या मधल्या जागेतच आहे. तिथला एक उत्तम व्यायाम म्हणजे सपाट प्रदेशात, पाण्याच्या कडेने, रमतगमत केलेली सायकल-सहल.

पाण्याकाठचा देश

अशा सहलींसाठी नेदरलँड्ससारखा देश नाही. या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालायचा, पवनचक्क्यांनी पाणी उपसायचे आणि तळाची जमीन कसायची, हे काम तिथे शतकानुशतके चालले आहे. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेची बेमस्टरची जमीन १६१२ मध्ये अशीच तळ्यातून वर आली. किंडरडाइक येथे कालव्यांच्या काठी १९ जुन्या पवनचक्क्या अजून उभ्या आहेत. पूर्वी कालव्यातली प्रवासी नाव काठावरून चालणारा घोडा ओढत असे. घोड्यांच्या त्या वाटांपैकी कित्येकींवर आज सायकली धावतात. नदी आडवी आली तर फक्त सायकली आणि पादचारी नेणारी छोटी तर असते.

रस्ता शोधण्याची पद्धतही सोपी आहे. प्रत्येक नाक्याला क्रमांक असतो. सकाळी चिठ्ठीवर पाच-सहा क्रमांक लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचे. ही युक्ती मूळची शेजारच्या बेल्जियममधली. कोळशाच्या खाणीत वाटा ओळखण्यासाठी क्रमांक असत, त्यावरून ती एका खाण-अभियंत्याला सुचली. रात्री बोटीवर झोपायचे आणि दिवसा सायकलने पुढचे गाव गाठायचे, अशाही सहली असतात. आपल्याकडून ट्युलिप बघायला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी बसच्या खिडकीतून बघण्याऐवजी दोन-तीन दिवस तरी सायकलवर काढावेत, असे मी सुचवेन.

शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. 'मध्यम' ओळखण्याची खूण सोपी आहे: व्यायाम करताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. ताशी १४-१५ किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर सायकल चालवताना शरीर स्वस्थ बसलेल्या अवस्थेच्या साधारण चौपट ऊर्जा वापरते. म्हणजे हा व्यायाम 'मध्यम' गटात नीट बसतो. दिवसाला ४० किलोमीटर म्हणजे जवळजवळ तीन तास पेडल मारणे. आठवड्याचा किमान हिशेब एका दिवसात पुरा होतो, तोही गप्पा मारत.

सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते. त्यामुळे धावताना गुडघ्याला बसतात तसे दणके बसत नाहीत, आणि सांधा मात्र हलता राहतो. मांडीचे मोठे स्नायू कामाला लागले की ते रक्तातील साखर ओढून घेतात, आणि त्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता पुढचा एखादा दिवस वाढलेली राहते. एक मर्यादाही सांगतो. सायकलने हाडे फारशी बळकट होत नाहीत, कारण हाडांवर भार पडत नाही. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी चालणे आणि ताकदीचे व्यायामही करायलाच हवेत.

सपाट प्रदेशातला चढ म्हणजे वारा

डोंगर नाहीत म्हणून सगळे सोपे, असे समजू नका. तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि समोरून येणारा वाराही तेवढाच असेल, तर अंगाला ३० किलोमीटर वेगाचा वारा लागतो आणि हवेचा अडथळा चौपट होतो. नेदरलँड्समध्ये वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. म्हणून शक्य तर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा मार्ग ठरवा. वारा समोरून असेल तर हलका गिअर टाका, वेग कमी करा, हट्ट करू नका.

विजेवर मदत देणाऱ्या सायकलीला नाके मुरडणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. या सायकलीवरही पेडल मारावेच लागते आणि हृदयाला पुरेसे काम मिळते. पती तगडा आणि पत्नीचे गुडघे दुखरे, अशा जोडप्याला ती बरोबरीने फिरू देते. मात्र ती जड असते आणि पटकन वेग घेते, त्यामुळे उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. आधी मोकळ्या मैदानात सराव करा.

निघण्यापूर्वी

सहा आठवडे आधी तयारीला लागा. सुरुवातीला एक दिवसाआड २० मिनिटे सायकल चालवा आणि हळूहळू सलग दीड तासापर्यंत जा. मुख्य म्हणजे पार्श्वभागाला सीटची सवय व्हायला हवी.

सीटची उंची नीट ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट फार खाली असली तर गुडघ्याची वाटी दुखते. जांघेत किंवा करंगळीत मुंग्या येऊ लागल्या तर उतरा, पाच मिनिटे चाला, हँडलवरची पकड बदला. मुंग्या रोजच येत असतील तर सीट किंवा हँडलची मांडणी चुकली आहे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी डोसाबद्दल आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. दिवसभर सायकल चालवल्यावर साखर त्या रात्री झोपेतही उतरू शकते, हे लक्षात ठेवावे. पायांची संवेदना कमी असेल तर रोज रात्री तळवे तपासावेत.

रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. त्यांनी घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नये, वर सांगितलेली बोलण्याची खूण वापरावी. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर तपासणी करूनच निघावे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबायचे आणि ११२ वर फोन करायचा. नेदरलँड्समध्येही हाच क्रमांक आहे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोके आपटले तर 'काही झाले नाही' म्हणून पुढे जाऊ नका, रुग्णालय गाठा. तिथले लोक साध्या सायकलवर सहसा हेल्मेट घालत नाहीत. तुम्ही घाला.

आणखी एक गोष्ट. तिथे उजव्या बाजूने जायचे असते, आणि भाड्याच्या अनेक सायकलींना पेडल उलटे फिरवून लावायचा ब्रेक असतो. आपल्याला दोन्हींची सवय नसते. पहिला तास रिकाम्या रस्त्यावर काढा.

एका आठवड्याची सहल, बाकीच्या ५१ आठवड्यांचे काय?

माझे खरे म्हणणे इथे आहे. एका आठवड्याची सहल मधुमेह बरा करत नाही. डच माणसाला सायकलचा फायदा होतो तो दूध आणायला, शाळेत आणि कचेरीत रोज सायकलने गेल्यामुळे. त्याची इच्छाशक्ती आपल्यापेक्षा दांडगी आहे असे नव्हे, त्याच्या दारातून वेगळी वाट निघते. ती वाटही आपोआप झाली नाही. १९७१ मध्ये त्या देशात रस्त्यांवर ३००० हून जास्त माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ चे तेलसंकट आले, आणि सायकलींसाठी रस्ते मागून घेतले गेले. आज तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तिथल्या पासष्टीच्या रुग्णाला आज मी 'सायकल चालवा' सांगतो, तेव्हा तो ट्रक आणि खड्ड्यांकडे बोट दाखवतो. त्याचे बरोबर आहे. व्यायाम लिहून देणे डॉक्टरचे काम असले, तरी ते औषध रस्त्यावर मिळायला हवे. नदीकाठी, कालव्याच्या कडेने, शाळेच्या वाटेवर सुरक्षित पट्टा मागणे ही हौशी सायकलवाल्यांची लाडकी मागणी नव्हे, ती आरोग्याची मागणी आहे. तोवर पहाटेचा मोकळा रस्ता, गावाबाहेरची सपाट वाट किंवा सोसायटीचे आवार शोधा. सीट योग्य उंचीवर घ्या आणि बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगाने निघा.