संतांच्या नावाचे खाते

जुन्या गोव्यातल्या संत आंतोनीच्या मूर्तीला पोर्तुगीज अमदानीत कॅप्टनचा हुद्दा होता आणि हुद्द्याबरोबर वेतनही. वर्षातून एकदा मूर्ती मिरवणुकीने खजिन्यापर्यंत नेत आणि पगार चुकता होई. बँकेच्या काउंटरवर ज्याने नोव्हेंबर महिने काढले आहेत, त्याला यात फारसे नवल वाटणार नाही. आमचे पेन्शनरही हयातीचा दाखला द्यायला असेच ठेवणीतला कोट घालून, नातवाचा हात धरून येत. एका गव्हर्नराने हा खर्च बंद केला, ऐन आंतोनीच्या सणाला तो पडून जखमी झाला आणि पगार पुन्हा चालू झाला, असे सांगतात. ऑडिटरचा आक्षेप इतक्या झटपट निकालात निघालेला मी तरी पाहिलेला नाही.

गंमत अशी की, ज्याच्या नावावर ही रक्कम पडत होती तो माणूस दमडीही न बाळगणारा. लिस्बनला जन्मलेला हा फ्रान्सिस्कन साधू इटलीत मोंते पाओलोच्या डोंगरात काही काळ एकांतात राहिला. १२३१ मध्ये पादुआजवळ त्याचा देह पडला आणि वर्षाच्या आत पोपने त्याला संत म्हणून जाहीर केले. मग कथांना बहर आला. माणसे ऐकेनात म्हणून त्याने माशांना प्रवचन दिले, ही त्यातली सर्वांत गाजलेली. १६५५ मध्ये आंतोनियो द साल्दान्या या जेझुइट पाद्रीने त्याचे चरित्र गोव्याच्या लोकांना कळेल अशा भाषेत लिहिले. युरोपातल्या मध्ययुगीन एकांतवाशाची दंतकथा आपल्या किनाऱ्यावर इतकी जुनी आहे.

डोंगरातला फकीर आणि त्याच्यामागे उभी राहिलेली मिळकत, ही जोडी आमच्याकडेही आहे. क्रांती चौकातून वेरूळच्या रस्त्याला लागले की पाऊण तासात खुलताबाद येते. तिथे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी आणली, त्या धामधुमीच्या काळात दख्खनेत आले, १३३७ मध्ये वारले. त्यांच्या पश्चात शिष्यांची खाण्यापिण्याची ददात झाली. त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा दर्ग्याच्या फरसबंदीतून चांदीचे कोंब फुटू लागले. ते मोडून बाजारात विकायचे आणि गुजराण करायची. कथेचा शेवट मला फार आवडतो. पुढे दर्ग्याला जहागीर मिळाली आणि कोंब फुटायचे थांबले! नियमित उत्पन्न सुरू होताच तातडीची मदत बंद, हा हिशेब कथा रचणाऱ्याला पक्का ठाऊक होता.

जवळच परियों का तालाब आहे. तिथल्या गंज रवाँ यांच्या दर्ग्यातली झाडे गुरूने दिलेल्या काठीतून उगवली, असे म्हणतात. काठीला पालवी फुटण्याची कथा ख्रिस्ती संतांच्या चरित्रांत जागोजागी भेटते. नदी ओलांडून बाळ ख्रिस्ताला नेणाऱ्या ख्रिस्तोफरची तर हमखास. आणि याच परिसरात, शूलिभंजनच्या डोंगरावर, एकनाथांनी तप केले. एकांत शोधणाऱ्यांना एकच डोंगर सोयीचा वाटला, त्यांच्या भक्तांना मात्र आता तो पुरत नाही.

कारण या कथा आता नुसत्या कथा राहिलेल्या नाहीत. आमच्या चौकात शिवछत्रपतींचा पुतळा आहे, १८५७च्या बंडवाल्यांना जिथे देहदंड झाला तो काळा चबुतराही इथलाच. मोर्चा कोणाचाही असो, तो इथूनच निघतो किंवा इथेच येऊन थांबतो. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून रान पेटले. ती कबर बुऱ्हाणुद्दीन यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात. वाद बादशहाचा, पण बघता बघता त्यात तिथले सगळे संत ओढले गेले. शेकडो संत फौजेसारखे दख्खनवर चालून आले आणि त्यांनी गावेच्या गावे बाटवली, असे एक बाजू आरोप म्हणून सांगते. दुसऱ्या बाजूच्या किती तरी पुस्तिकांत हीच गोष्ट अभिमानाने छापलेली असते. दोघांचा कागद एकच, आणि तो तारण म्हणून घेण्याच्या लायकीचा नाही.

कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ मध्ये खुलताबादवर ग्रंथ लिहिला. बुऱ्हाणुद्दीन यांच्या शिष्यांनी त्यांची संभाषणे फारसीत टिपून ठेवली होती, ती त्याने वाचली. त्यांत शिष्याने कसे वागावे, मन कसे आवरावे, समा कसा ऐकावा, हे आहे. धर्मांतराच्या मोहिमा आणि लढवय्ये संत पुढच्या शतकांतल्या लेखकांनी आणले, आपापल्या काळाच्या गरजेप्रमाणे. एखाद्या मृताच्या खात्यावर वारसांनी मागाहून केलेल्या नोंदींसारखेच हे.

ख्रिस्ती जगाने हे ऑडिट स्वतःच सुरू केले, याचे मला अप्रूप वाटते. १६४३ पासून बोलांद नावाच्या जेझुइटाने आणि त्याच्या परंपरेतल्या पाद्र्यांनी संतचरित्रांच्या जुन्या प्रती ताडून पाहायला घेतल्या. खरे कोणते, मागाहून घातलेले कोणते, हे भाविकांनीच निवडले. १९६९ मध्ये रोमने ख्रिस्तोफरचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला, स्थानिक उपासनेला हात लावला नाही. गाड्यांत त्याची पदके लटकायची ती लटकतच राहिली. आपल्याकडे सेतुमाधवराव पगडींनी, रा. चिं. ढेऱ्यांनी ही वाट मळली आहे, पण दर्ग्याच्या किंवा मठाच्या विश्वस्तांनी स्वतः हे काम अंगावर घेतल्याचे उदाहरण शोधावे लागते.

ती फारसी संभाषणे मूळ शब्दांतून मराठीत यावीत आणि दर्ग्याच्या दारात, हार-फुलांच्या शेजारी, त्या पुस्तिकांच्याच किमतीत मिळावीत. विद्यापीठ याच शहरात आहे, फारसी जाणणारी माणसेही अजून आहेत. खर्चाचा प्रश्न आला तर दर्ग्यांकडे इनामी जमिनी आहेत, उरुसाला हजारो माणसे लोटतात. त्यासाठी फरसबंदीतून चांदी उगवायची वाट पाहण्याचे कारण नाही.